घाटाखालचं गॅरेज

बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत, आमचं गॅरेज आहे. वडिलांनी काढलं, मी चालवलं, आता मुलगा बघतो. जाहिरातीवर आम्ही कधी रुपया खर्च केला नाही. गिऱ्हाईक घाट पाठवायचा. म्हणून या घाटाचा इतिहास मी बंद पडलेल्या गाड्यांच्या बाजूने सांगतो. राजेरजवाड्यांच्या बाजूने सांगणारे पुष्कळ आहेत.

खोपोली जवळजवळ कोकणच्या पातळीवर आणि खंडाळा त्याच्या डोक्यावर दीड हजार फूट. इतका चढ एका दमात कुणालाच जमला नाही. गाडीरस्ता नव्हता तेव्हा माल बैलांच्या पाठीवर लादून जायचा. नाना फडणविसांनी खोपोलीत महादेवाचं देऊळ बांधलं आणि शेजारी भलामोठा तलाव. घाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला पोटभर पाणी लागतं, हे पुण्याच्या कारभाऱ्याला नक्कीच ठाऊक असणार. 1830 साली, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे 1863 मध्ये वर पोचली. तिच्याही बऱ्याच गाड्यांना हा चढ एकट्याने झेपत नाही. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि ती ढकलत तिला वर नेतात. त्यांना बँकर म्हणतात. तेवढ्या वेळात प्रवासी खिडकीतून वडापाव घेतात.

या घाटाची वाट दाखवली ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने, असं आमच्याकडे सांगतात. मेंढरांमागे फिरून त्याला डोंगराची नस न् नस माहीत होती. इंग्रज साहेबाने बक्षीस विचारलं तर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. तिला कागदोपत्री आधार किती, हे इतिहासकारांनी बघावं. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, आणि जाणारा ड्रायव्हर तिथे नाणं टाकतो, नारळ फोडतो, निदान हॉर्न तरी वाजवतो. वाट दाखवणाऱ्याचे आभार मानल्याशिवाय वर जायचं नाही, हा या रस्त्याचा रिवाज आहे.

आता मोटारींचं. वालचंद हिराचंद यांनी याच घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कामं घेतली होती. पुढे 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. म्हणजे ज्यांनी डोंगर पोखरला, त्यांच्याच गाड्या डोंगरात उकळायच्या! फियाट अकराशे, नंतरची प्रीमियर पद्मिनी, गाडी गुणी. पण घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिन जोरात फिरतं, गाडी मात्र मुंगीच्या पावलाने जाते, त्यामुळे रेडिएटरला वारा मिळत नाही. पाणी उकळतं, झाकणातून वाफ येते. घाईघाईत झाकण उघडलं तर हात भाजतो. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकतं, गॅस्केट उडतं. मागच्या चाकाला दगड लावायचा, बॉनेट उघडायचं आणि गप्प बसायचं. निम्मी दुरुस्ती एवढीच.

दुसरं दुखणं पेट्रोलचं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्बोरेटर उपाशी राहायचा. त्यावर औषध म्हणजे पंपावर ओलं फडकं. जुने ड्रायव्हर फडकं आणि पाण्याचा डबा घेतल्याशिवाय घाट चढत नसत. पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपर, फॅनबेल्ट तुटला तर नायलॉनच्या दोरीचा वेढा घालून उतारावरून खोपोलीपर्यंत. आणि काहीच चाललं नाही तर एखाद्या ट्रकमागे टोचन. ट्रकवाला त्याचे पैसे घेत नसे, चहा घ्यायचा.

एका डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला निघालेल्या एका गृहस्थांची फियाट शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडी खाली बंद पडली. ट्रकच्या क्लीनरने गॅरेजवर येऊन निरोप दिला. वडील आणि मी पाने घेऊन गेलो. पंपाचा डायफ्रॅम फाटला होता, नवा आमच्याकडे नव्हता. वडिलांनी टपावर पेट्रोलचा डबा घट्ट बांधला आणि रबरी नळी थेट कार्बोरेटरला जोडली. पेट्रोल आपल्या वजनाने खाली येत राहिलं. “बिडी-सिगारेट बंद, आणि लोणावळ्यात पहिल्यांदा डायफ्रॅम बदला,” एवढं बजावून त्यांना पाठवलं. काही दिवसांनी पोस्टकार्ड आलं : सुखरूप पोचलो, गाणं सुरू व्हायच्या आत मांडवात होतो, मेस्त्रींना नमस्कार. पुढच्या वेळी मुंबईला परतताना ते बाकरवडीचा पुडा देऊन गेले. वडिलांनी ते कार्ड बिलबुकात ठेवलं. मजुरी किती घेतली ते मला आठवत नाही, कार्डावरचं अक्षर आठवतं.

अशी कार्डं बरीच यायची. कुणी चिक्की ठेवून जायचं, कुणी लग्नाची पत्रिका पाठवायचं. त्यात थोरपणा काही नव्हता, तो या रस्त्याचा व्यवहारच होता. आज तुझी गाडी उभी आहे, उद्या माझी असेल, हे फियाटमधल्या शेटलाही कळायचं आणि ट्रकच्या क्लीनरलाही. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हे 1989 च्या वाहतूक नियमांत लिहिलं गेलं. घाटातले ड्रायव्हर हे त्याच्या कितीतरी आधीपासून पाळत होते.

मग 1983 च्या अखेरीस मारुती आली. पुढे कार्बोरेटर गेले, इंजेक्शन आलं, पंप इंजिनापासून दूर पेट्रोलच्या टाकीत गेला. 2002 पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आमच्या दारावरून न जाता वरच्या वर निघून गेलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आता गाडी बंद पडली तर फोन करायचा, क्रेन येते आणि गाडी थेट शहरातल्या वर्कशॉपला जाते. मुलगा म्हणतो, “बाबा, हेच बरं.” बरोबर आहे त्याचं. भर पावसात, धुक्यात, वळणावर बॉनेट उघडून उभं राहण्यात मौज नव्हती. ब्रेक तापून लागेनासे झालेले ट्रक मी पाहिले आहेत. त्या दिवसांचे गोडवे ज्यांनी ते भोगले नाहीत त्यांनी गावेत.

पण या सोयीत एक गोष्ट हरवली. डॉक्टरचा रोगी फिरून दाखवायला येतो. रस्त्यावरच्या मेकॅनिकचं तसं नसतं. हात पुसत तो गाडी वळणाआड जाताना बघतो आणि पुढे तिचं काय झालं हे त्याला कधीच कळत नाही. लावलेला जुगाड टिकला की लोणावळ्याच्या आधीच सुटला? पोरंबाळं वेळेवर घरी गेली का? ते पोस्टकार्ड आमच्यासाठी आभारापेक्षा पुष्कळ जास्त होतं. काम पुरं झाल्याची तीच एक पावती असायची.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. द्रुतगती मार्गावर मदतीच्या भरात मध्येच थांबू नका, ते जिवावर बेतेल. गाडी डाव्या कडेला घ्या, दिवे लुकलुकते ठेवा, माणसं रस्त्यापासून दूर उभी करा आणि फोन करा. जुन्या रस्त्यावर जागा बघून जरूर थांबा, विचारपूस करा. आणि तुमची गाडी कुणी चालू करून दिली असेल, मग तो मेकॅनिक असो, क्रेनवाला असो की पंक्चरवाला पोरगा, तर पैसे देतानाच त्याचा नंबर मागून घ्या. घरी गेल्यावर त्याला फोन करून सांगा, पोचलो म्हणून.