उजळणीची रीत: संथेपासून सरावचाचणीपर्यंत

परीक्षेआधी एकट्याने बसून तेच पुस्तक पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून घालायचे, ही उजळणीची रीत छापील पुस्तके आणि लेखी परीक्षा यांच्या जोडीने रुळली. त्याआधी उजळणी तोंडाने आणि चारचौघांत होई. वेदपाठशाळेत गुरू संथा देत. ते एकदा म्हणत, शिष्य दोनदा. पुढे तेच मंत्र क्रम, जटा, घन अशा पाठांतून फिरत. घनपाठात तीन पदे १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी म्हणायची. एखादे पद निसटले की तिथल्या तिथे कळे. पंतोजींच्या शाळेतही पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मोठ्याने म्हणवून घेत. अर्थ समजावण्याची बाजू या शाळांत लंगडी होती, हे खरेच. पण म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नसे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले आणि सुरुवातीला त्याचे मुख्य काम परीक्षा घेण्याचेच होते. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले, २२ उत्तीर्ण झाले. पुढे कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा ‘प्रीव्हियस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. वर्षभराचा अभ्यास परक्या भाषेत, आणि निकाल मोजक्या पेपरांवर. साहजिकच मुले नोट्स घोकू लागली. शिकवणे परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे, अशी तक्रार १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने केली. घोकंपट्टीला नावे ठेवली गेली; उजळणी कशी करावी, हा विषय मात्र अभ्यासक्रमाबाहेरच राहिला.

त्याचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. नव्याने पाठ करताना किती वेळ वाचतो, यावरून त्यांनी स्मरण मोजले. तासाभरात ही बचत निम्म्याखाली येई, दिवसाने सुमारे एक तृतीयांश राही. मग घसरण मंदावे. बारा अक्षरांची यादी आदल्या दिवशी ६८ वेळा म्हटल्याने जे साधे, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याविरुद्ध याहून बोलका पुरावा शोधूनही सापडायचा नाही.

पुढचा धागा म्हणून दाखवण्याचा. आर्थर गेट्स यांनी १९१७ मध्ये दाखवले, की अभ्यासाचा निम्म्याहून अधिक वेळ न पाहता म्हणण्यात घातला तर पाठ पक्का होतो. आयोवात १९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांवर प्रयोग केला. वाचल्यावर लगेच चाचणी दिलेल्यांचे विस्मरण कमी झाले. ओहायो स्टेट विद्यापीठातले फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४० च्या दशकात कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी पाच पायऱ्या आखल्या: प्रकरण चाळणे, प्रश्न काढणे, वाचणे, न पाहता सांगणे, पुन्हा तपासणे. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर बरोबर आलेले प्रश्नाचे कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा समोर येते. चुकलेले पहिल्या कप्प्यात परतते.

सर्वांत स्पष्ट निकाल मात्र २००६ चा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने चार सत्रे तोच वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून उरलेली तीन सत्रे कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने त्यांना सुमारे ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तरी जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच होता. ओळखीचा मजकूर डोळ्यांना सोपा वाटतो आणि तो सोपेपणाच ज्ञान भासतो. परीक्षेच्या पेपरात हाच भास महागात पडतो.

२०१३ मध्ये जॉन डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी दहा पद्धती तपासल्या. ओळी रंगवणे, फेरवाचन आणि सारांश लिहिणे यांची उपयुक्तता त्यांना कमी आढळली. स्वतःची चाचणी घेणे आणि दिवसांच्या अंतराने आवृत्ती करणे, या दोनच पद्धतींना त्यांनी वरची श्रेणी दिली.