जू आणि बैलाचा खांदा

आपल्या सुतार ज्ञातीच्या इतिहासाविषयी लिहिताना देवळांचे कोरीव खांब आणि वाड्यांचे दरवाजे यांचा उल्लेख अभिमानाने होतो; तो योग्यच आहे. परंतु ज्या एका लाकडावर गावची सारी नांगरट चालली, त्या जुवाकडे आम्ही क्वचितच वळतो. वास्तविक त्याचे वय थोर आहे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीच्या धातूच्या रथास दोन बैल जुंपलेलेच आहेत.

जू बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे बसते. बैल पुढे रेटा देतो तो वशिंडाच्या बुडाशी अडलेल्या त्या लाकडावर. शिवळा ते बाजूस सरकू देत नाहीत आणि गळ्याखालची जुंपणी ते निसटू देत नाही. ओढण्याचे काम जुंपणीचे नव्हेच. गाडी मागे जड भरून उलाळ झाली, की जू वर उचलते आणि हीच जुंपणी गळा आवळते. पुढे जड भरली, तर सारा भार मानेवर. जोडीतील एक बैल अशक्त असेल, तर जुवाचा मधला बांध सशक्त बैलाकडे थोडा सरकवावा, म्हणजे त्याच्याकडे ओझ्याचा वाटा अधिक जातो. तराजूचाच हा न्याय!

घोड्यास वशिंड नाही. त्यामुळे प्राचीनांचा साज घोड्याचा गळा दाबीत असे, असा सिद्धांत लफेव्र द नोएत या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने १९३१ साली मांडला, आणि जुने कारागीर जगभर अडाणी ठरले. पुढे त्याच्याच देशातील स्प्रुइट यांनी तसे साज प्रत्यक्ष बनवून घोड्यांना जुंपले व १९७७ साली या मताचे बरेचसे खंडन केले. टीकाकाराने आधी हाती वाकस धरावा, असे आम्हांस वाटते ते यासाठीच.

तथापि आपलाही दोष झाकू नये. जुवाचा भार मानेवरील अगदी थोड्या जागेवर येतो. तेथे कड राहिली, गाठ राहिली, की कातडे सोलवटते, खांदा सुजतो, आणि ऐन पेरणीत बैल बसून राहतो. एकाच मापाची जुवे घाऊक कापून देणाऱ्यांनी याचा विचार केला नाही. चांगला सुतार प्रथम बैलाची मान हाताने चाचपून पाही, मग बसण्याची जागा गोल तासून गुळगुळीत करी. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीस शेतकरी हळद व लोणी लावून जो खांदा चोळतो, तो वर्षभर आपल्याच लाकडाखाली राबलेला असतो.