बोलक्या यंत्राचं पुणेरी गोत्र

2022 साली ॲपलने आयओएस 16 मध्ये एक जुना आवाज परत आणला. त्याचं नाव एलोक्वेन्स. तो माणसासारखा अजिबात वाटत नाही. स्वर सपाट, 'स' कोरडा, प्रत्येक वाक्य एकाच उतारावरून खाली येणारं. त्याच फोनमध्ये त्याहून कितीतरी गोड आवाज आधीपासून होते. तरी असंख्य दृष्टिहीन वापरकर्त्यांना मनापासून आनंद झाला तो या आवाजाचा. नव्वदच्या दशकाअखेरीस ज्यांनी जॉज या स्क्रीन रीडरवर संगणक शिकला, त्यांची पहिली ई-मेल आणि पहिली नोकरीची जाहिरात याच आवाजाने वाचलेली आहे. त्यात जिव्हाळा आहेच, पण नुसता जिव्हाळा नाही. मिनिटाला 400 शब्दांच्या पुढे वेग नेला तरी एलोक्वेन्सचे उच्चार एकमेकांत मिसळत नाहीत. एकच शब्द हजार वेळा आला तर हजारही वेळा तसाच येतो. कानाला त्याची खात्री वाटते.

ही खात्री कुठून येते? एलोक्वेन्ससारख्या जुन्या यंत्रांच्या पोटात कुणाच्या आवाजाची कापून जोडलेली ध्वनिमुद्रणं नसतात. तिथे नियम असतात. अक्षरावरून ध्वनी ठरवणारे, ध्वनीवरून कंप्रता ठरवणारे. जुन्या आवाजात ऐकू येतो तो नियमच. आणि तो नियम ज्या साच्यात लिहिलेला असतो, तो साचा पाणिनीचा आहे आणि पुण्यावरून पुढे गेलेला आहे, असं मला मांडायचं आहे.

बोलक्या यंत्रांचा परिचित इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. 1939 मध्ये बेल लॅब्जच्या होमर डडली यांचा व्होडर न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बोलला. सत्तरच्या दशकात रिचर्ड गॅग्नन यांचं व्होट्रॅक्स आलं. ते विकणारी कंपनी मुळात स्क्रू बनवणारी. 1976 मध्ये रे कर्झवाइल यांचं वाचनयंत्र आलं. ॲपल 2 या संगणकावर एको हे वाचासाधन बोलू लागलं. 1984 च्या सुमारास डेकटॉक आलं आणि त्यातला 'परफेक्ट पॉल' हा डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावर बेतलेला आवाज घराघरांत गेला. स्टीफन हॉकिंग यांचा जगप्रसिद्ध आवाजही क्लॅट यांच्याच कामातून आलेला. 1989 मध्ये टेड हेंटर यांनी डॉससाठी जॉज काढलं. अपघातात दृष्टी गेलेला हा माणूस आधी मोटारसायकल शर्यतींत उतरत असे. इथवर सगळं ठाऊक असलेलं.

मला धागा सापडला तो ईस्पीकच्या एका फाइलीत. ईस्पीक हे जोनाथन डडिंग्टन यांनी सुरू केलेलं मोफत वाचासाधन. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरबरोबर ते मिळतं आणि त्यात मराठीही आहे. त्यातले उच्चारनियम साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. प्रत्येक ओळीत आधी डावीकडचा संदर्भ, मग कंस, मग ज्या अक्षराचं काय करायचं ते अक्षर, मग कंस आणि उजवीकडचा संदर्भ, शेवटी ध्वनी. एका अक्षराला अनेक नियम लागू पडत असतील तर ज्याचा संदर्भ अधिक नेमका, त्याला अधिक गुण आणि तोच जिंकतो. शाळेत ज्यांनी थोडंफार व्याकरण घोकलं आहे, त्यांना हे वाचताना पाणिनी आठवल्यावाचून राहणार नाही.

पाणिनीने हेच विभक्तींनी केलं. ज्याच्या जागी काही यायचं आहे ते षष्ठीत, जे यायचं ते प्रथमेत, पुढे जे असायला हवं ते सप्तमीत, मागे जे असायला हवं ते पंचमीत. 'इति' आणि 'आदि' जवळ आले की 'इत्यादि' होतं. इथे इकार षष्ठीत, यकार प्रथमेत आणि पुढचा स्वर सप्तमीत. कंस नाहीत, बाण नाही, पण खाने तेच. फ्रिट्स स्टाल यांनी 1965 मध्ये हे नीट मांडलं: पाणिनीचे नियम संदर्भसापेक्ष नियमांच्या आधुनिक लेखनात जसेच्या तसे बसतात. त्याच साली नोम चॉम्स्की यांनीही पाणिनीचं व्याकरण आपल्या अर्थाने जनक व्याकरणाचाच एक तुकडा मानता येईल असं लिहिलं.

पण साम्य म्हणजे वंश नव्हे. मधले पूर्वज दाखवावे लागतात, आणि इथे पुणं येतं.

1866 मध्ये फ्रांत्स कीलहॉर्न हे जर्मन पंडित डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. पुण्यातल्या शास्त्र्यांकडून त्यांनी पाणिनीय परंपरा आतून शिकून घेतली. 1868 ते 1874 या काळात त्यांनी 'परिभाषेन्दुशेखर' मूळ संस्कृत आणि इंग्रजी भाषांतरासह मुंबईहून प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते नागेश भट्ट म्हणजे काशीत राहिलेले आपले नागोजी भट्ट काळे. या ग्रंथाचा विषय बोलक्या यंत्राच्या दृष्टीने कळीचा आहे: दोन नियम एकाच जागी भिडले तर कुणाचं ऐकायचं? नंतरचा नियम, नित्य (दुसरा लागला तरी लागणारा), अंतरंग (आतल्या संदर्भावरचा) आणि अपवाद यांत उत्तरोत्तर बळ अधिक, अशी ती व्यवस्था. ईस्पीकमधले गुण हेच काम करतात. पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्तीही कीलहॉर्न यांनी मुंबईहूनच काढली.

पुण्याहून ते जर्मनीतल्या गॅटिंगनला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच शिकवत राहिले. 1908 मध्ये ते गेल्यावर त्यांची जागा हेर्मान ओल्डेनबर्ग यांनी घेतली. याकोब वाकरनागेल आधीपासून तिथे होते. 1913-14 मध्ये या दोघांकडे एक तरुण अमेरिकन शिकायला आला. तो लेनर्ड ब्लूमफील्ड. पुढे अमेरिकन भाषाशास्त्राचा पाया घालणारे ब्लूमफील्ड पाणिनीचे निस्सीम चाहते होते. 1927 मध्ये त्यांनी पाणिनीच्या काही नियमांवर स्वतंत्र लेख लिहिला. 1939 मध्ये त्यांनी मेनॉमिनी या अमेरिकेतल्या आदिवासी भाषेचं वर्णन केलं, तेही क्रमाने लागणाऱ्या नियमांच्या साखळीतून. आधी मूळ रूप, मग एकेक नियम लावत शेवटी उच्चार. पाणिनीच्या अष्टाध्यायीची ही पद्धत त्यांनी अमेरिकेतल्या भाषेवर उघडपणे चालवली.

इथेच खरा वाद आहे. एमआयटीतल्या मॉरिस हॅले आणि चॉम्स्की यांच्या 1968 च्या इंग्रजी ध्वनिव्यवस्थेवरच्या ग्रंथात हा साचा पूर्ण रूपात दिसतो. पण चॉम्स्की यांचं सांगणं असं, की 1951 मध्ये आधुनिक हिब्रूवर प्रबंध लिहिताना ब्लूमफील्डचा मेनॉमिनीवरचा लेख त्यांना माहीत नव्हता. क्रमाने लागणाऱ्या नियमांची कल्पना त्यांना घरातून मिळाली. वडील विल्यम चॉम्स्की हिब्रू व्याकरणाचे अभ्यासक, तेराव्या शतकातल्या डेव्हिड किमही यांच्या व्याकरणाचे संपादक. म्हणजे प्रतिस्पर्धी गोत्र तयार: पाणिनी नव्हे, किमही.

हा दावा मी हलका मानत नाही. रूप कोणत्या टप्प्यांतून आलं हे सांगण्याची सवय चॉम्स्की यांना तिथून लागली असेल. पण अक्षर, आदेश, मागचं, पुढचं अशी चार खान्यांची मांडणी आणि अपवादाने उत्सर्गाला, म्हणजे सामान्य नियमाला, बाजूला सारण्याचा तत्त्व म्हणून सांगितलेला दंडक मला किमहींच्या परंपरेत दिसत नाही. दुसरे दावेदार तर्कशास्त्रज्ञ एमिल पोस्ट. बाण आणि पुनर्लेखनाची कल्पना त्यांचीच, तिचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. मात्र पोस्ट यांच्या पद्धतीत विशेष नियम सामान्य नियमापेक्षा बलवान असं काही नाही. आणि उच्चाराचं सगळं गाडं त्यावरच चालतं.

मग ब्लूमफील्ड एमआयटीत पोचले कसे? हॅले यांच्यामार्फत, असं माझं ठाम मत आहे. मेनॉमिनीवरचा तो 1939 चा लेख छापला गेला प्रागच्या भाषाशास्त्र मंडळाच्या, निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांच्या स्मृत्यर्थ काढलेल्या खंडात. त्रुबेत्स्कॉय यांचे जिवलग सहकारी रोमान याकबसन, आणि याकबसन यांचे विद्यार्थी हॅले. आपल्या मित्राच्या स्मृतिग्रंथातला लेख याकबसन यांनी वाचला नाही किंवा विद्यार्थ्याला सांगितला नाही, हे मला पटत नाही. पुढे हॅले यांचे विद्यार्थी पॉल किपार्स्की यांनी 1973 मध्ये 'विशेष आधी, सामान्य नंतर' हे तत्त्व आधुनिक ध्वनिशास्त्रात आणलं ते पाणिनीचं नाव घेऊनच.

शेवटचा प्रतिस्पर्धी सगळ्यांत चिवट आहे, कारण तो म्हणतो की वंश लागतच नाही. इंग्रजी 'सी'च्या पुढे ई, आय किंवा वाय असेल तर 'स', नाहीतर 'क'. हे यंत्राला सांगायला बसलेला कुणीही अभियंता चार खाने आपोआप आखील. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत 1976 मध्ये एलोव्हिट्झ आणि सहकाऱ्यांनी 329 नियम लिहिले, तेही नेमके याच आकाराचे. ते व्होट्रॅक्सला जोडले की चालू मजकुरातले दहापैकी नऊ शब्द बरोबर उच्चारले जात. हे नियम सर्रास वापरले गेले. त्यांच्यापुरता मी हा आक्षेप मान्य करतो. व्होट्रॅक्सचं गोत्र वेगळं असेल.

एमआयटीचं मात्र सोडत नाही. क्लॅट ज्या ध्वनिसंशोधन गटात होते त्याचे प्रमुख केनेथ स्टीव्हन्स हे हॅले यांचे जुने सहकारी. एमआयटॉक या तिथल्याच मजकूर वाचणाऱ्या यंत्रात शेरी हनिकट यांनी लिहिलेले नियम आधी प्रत्यय सोडवत, मग व्यंजनं ठरवत, मग स्वर. पद्धत सरळ जनक ध्वनिशास्त्राची. शिवाय या यंत्राजवळ सुमारे 12,000 पदांशांचा कोश होता. पाणिनीजवळ धातुपाठ आणि गणपाठ होते, तसा. जिथे नियम थकतो तिथे यादी. एलोक्वेन्सही याच कुळातलं: कॉर्नेलच्या सुझन हर्ट्झ यांनी नियम लिहिण्यासाठीच खास भाषा बनवली आणि इथाका गावातल्या त्यांच्या कंपनीतून हा आवाज आला.

1979 हे साल मला फार आवडतं. एमआयटॉकची पूर्ण आवृत्ती त्या सालची, तिचं नावच एमआयटॉक-79. आणि त्याच वर्षी किपार्स्की यांचं पाणिनीवरचं पुस्तक एमआयटी प्रेस आणि पुणे विद्यापीठ यांनी मिळून काढलं. संपादक होते पुण्याचे शिवराम दत्तात्रेय जोशी. एकाच पुस्तकावर एमआयटी आणि पुणं दोन्ही.

या साच्यात आणि जुन्या यंत्रांत आणखी एक नातं आहे, लाघवाचं. सुमारे 4,000 सूत्रं मुखोद्गत करायची, म्हणून पाणिनीने एकेक मात्रा वाचवली. ॲपल 2 ची स्मृती 48 किलोबाइटची, म्हणून अभियंत्यांनीही एकेक नियम वाचवला. दोन्हीकडे अडचण साठवणीची आणि दोन्हीकडे अंतिम परीक्षक कान. जुन्या आवाजांचा तो सडेपणा मला म्हणूनच उणीव वाटत नाही.

पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन यांनी तर हा आवाज वाद्यासारखा वाजवला. किशोरवयात दृष्टी गेली. पुण्यात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र, मग कॉर्नेल. 1994 च्या त्यांच्या प्रबंधातली ॲस्टर ही प्रणाली गणिताची समीकरणं डेकटॉककडून वाचून घेई आणि घातांक आला की आवाजाची पट्टी बदले. नियमांचा आवाज असल्यामुळेच हे जमलं. प्रत्येक गुणधर्म एक आकडा होता आणि तो फिरवता येत होता. पुढच्याच वर्षी त्यांचं ईमॅकस्पीक हे बोलकं संगणकसाधन आलं.

मराठीच्या बाबतीत या साच्याची कसोटी 'च' आणि 'ज' यांच्या ओळीत लागते. 'माझा'मधला झ दंत्य, 'माझी'मधला तालव्य. पुढे इ, ए किंवा य आला की तालव्य. हे पाणिनीच्या सप्तमीत सहज बसतं आणि ईस्पीकच्या उजव्या कंसातही. पण 'चार' आणि 'चारा' यांत पुढचा स्वर एकच, उच्चार दोन. 'हे जग' आणि 'शंभर वर्षं जग' यांत तर अक्षरंही तीच. इथे नियम थांबतो आणि गणपाठ सुरू होतो: दंत्य उच्चाराच्या शब्दांची यादी, एकेक शब्द तोंडाने म्हणून बघत, कोकणातला आणि वऱ्हाडातला उच्चार वेगळा पडला तर दोन्ही विचारात घेत केलेली. ती यादी साध्या मजकुराच्या फाइलीत असते. कुणीही उघडावी आणि भर घालावी.