चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या नोंदी

उरले २,६६४ तास. १० डिसेंबर २०२०.
युबिक्विटी ही वाय-फायचे राउटर आणि कॅमेरे विकणारी अमेरिकी कंपनी. तिचा डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर, सोर्स कोड गिटहबवर. दोन्हीकडच्या किल्ल्या हाती असलेला एक वरिष्ठ डेव्हलपर ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात राहतो. दुसऱ्या कंपनीत नोकरीसाठी त्याने याच सुमारास अर्ज केला आहे. आज तो क्लाउडवर शिरतो. त्याला काहीही फोडावं लागत नाही, कारण ॲडमिनचा ॲक्सेस कंपनीनेच कामासाठी दिलेला आहे. आपला आयपी पत्ता झाकायला तो सर्फशार्कचं व्हीपीएन लावतो. ते त्याने जुलैतच आपल्या पेपाल खात्यातून विकत घेतलं होतं.

उरले सुमारे २,४०० तास. २१-२२ डिसेंबर.
गिटहबवरच्या रिपॉझिटरी एकामागून एक क्लोन होतात. आकडा दीडशेच्या पुढे जातो. मधेच घरचं इंटरनेट बंद पडतं. ते परत येतं तेव्हा व्हीपीएनचा पडदा क्षणभर सरकलेला असतो आणि त्याच्या घराचा खरा आयपी पत्ता नोंदीत उमटतो.

बाकी खुणा पुसायची तजवीज त्याने केली आहे. क्लाउडवरचे काही लॉग किती दिवस ठेवायचे, ती मुदत त्याने एका दिवसावर आणली आहे. आज कोण आलं, काय घेऊन गेलं, हे उद्या कुणाला कळू नये! जो माणूस डेटाला हात लावू शकतो, त्याच्याच हाती लॉगची मुदत होती, हे मला या सगळ्या प्रकरणाचं मूळ वाटतं. लॉग वेगळ्या खात्यात, वेगळ्या माणसांच्या ताब्यात हवेत. मुदत बदलायची तर दुसऱ्या कुणाची मंजुरी हवी. इतकं असतं तरी ही रात्र कोरी राहिली नसती.

आणखी एक गोष्ट त्याने केली आणि ती मला चोरीपेक्षाही जास्त लागते. संशय सहकाऱ्यांवर जावा म्हणून त्याने सेशनची नावं बदलली. रोज ज्यांच्यासोबत काम केलं, त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची ही तयारी होती.

उरले २,२३२ तास. २८ डिसेंबर.
सहकाऱ्यांच्या लक्षात येतं. धावपळ सुरू होते. नुकसान किती झालं ते शोधायला पथक बसतं आणि त्यात तोही असतो. कुंपणाने शेत खाल्लं आणि पंचनाम्यालाही कुंपणच हजर.

उरले १,९९२ तास. ७ जानेवारी २०२१.
कंपनीला निनावी पत्र येतं. चोरलेला डेटा परत हवा तर २५ बिटकॉइन, आत शिरायची छुपी वाट सांगायची तर आणखी २५. तेव्हाच्या भावाने मिळून सुमारे १९ लाख डॉलर. कंपनी नकार देते. चोरीतल्या काही फाइली तो इंटरनेटवर उघड्या टाकतो.

उरले १,८९६ तास. ११ जानेवारी.
ग्राहकांना ईमेल जातो: पासवर्ड बदला.

उरले १६८ तास. २४ मार्च.
एफबीआयचे अधिकारी पोर्टलंडच्या घराची झडती घेतात. तो सगळं नाकारतो, चोरी उघडकीस येण्याआधी सर्फशार्क आपण कधी वापरलंच नव्हतं म्हणतो. अधिकारी पेपालची नोंद पुढे करतात. माझं खातं दुसऱ्याच कुणीतरी वापरलं असेल, असं त्याचं उत्तर. पकडलं जाण्याची चाहूल लागलेला माणूस इथे थांबेल, असं वाटतं. तो थांबत नाही.

उरले २४ तास. ३० मार्च.
बातमी फुटते. आतली माहिती देणारा एक निनावी जागल्या सांगतो की अज्ञात हल्लेखोराने क्लाउडचा पूर्ण ताबा मिळवला होता आणि कंपनीने ते दडपलं. हा जागल्या म्हणजे तोच.

शून्य तास. ३१ मार्च.
दोन दिवसांत शेअर सुमारे २० टक्क्यांनी कोसळतो. बाजारातलं ४ अब्ज डॉलरहून जास्त मूल्य जातं. खंडणी मागितली होती त्याच्या दोन हजार पटींहून अधिक.

त्याला अटक झाली १ डिसेंबर २०२१ रोजी. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा सुनावली. आरोपपत्रात सरकारी पक्षाने जे मांडलं, त्यात इंटरनेट परतल्यावर उमटलेला तो आयपी पत्ताही होता.