पाच पाचे पंचवीस

कार्बन कागद आता फारसा कोणाच्या हाती लागत नाही. त्याचे काम मात्र समजायला सोपे आहे. दोन कोऱ्या कागदांमध्ये एक कार्बन, अशी चळत टाइपरायटरला लावायची आणि कळ जोरात दाबायची. अक्षराचा आघात थराथरातून खाली जाताना कमी होत जातो, म्हणून पाचवी प्रत पहिलीपेक्षा पुसट निघते. कागद पातळ घेतला, तर आणखी दोन-चार प्रती पदरात पडतात. एवढ्या भांडवलावर सोव्हिएत संघात एक नियतकालिक सुमारे पंधरा वर्षे चालले.

तिथे छापखाने सरकारच्या ताब्यात होते. छापायचा मजकूर आधी तपासणारे ‘ग्लावलिट’ हे खाते १९२२ पासून होते. स्टालिनच्या काळात तर घरात हस्तलिखित ठेवणेही धोक्याचे. कवयित्री आना अख्मातोवा कवितेच्या ओळी चिटोऱ्यावर लिहून विश्वासातल्या मैत्रिणीला वाचायला देत. तिचे पाठ झाले, की चिटोरा जाळून टाकायचा! कविता अशी टिकते, कारण तिला लय असते. पण कोणाला कधी अटक झाली, कोणते कलम लावले, कोणत्या छावणीत पाठवले, हे पाठांतरावर सोपवता येत नाही. त्याला कागदच हवा.

१९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला. त्यानंतर भीती थोडी ओसरली आणि टाइपरायटरवर प्रती काढून वाटण्याची रीत पसरली. तिला ‘समिझ्दात’, म्हणजे ‘स्वतःच केलेले प्रकाशन’, असे नाव पडले. ३० एप्रिल १९६८ रोजी ‘चालू घडामोडींची बखर’ अशा अर्थाच्या नावाचा पहिला अंक निघाला. संपादक आणि टंकलेखक एकच, कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया.

समजा, एका अंकाच्या पाच प्रती निघाल्या आणि त्या मिळालेल्या प्रत्येकाने आणखी पाच काढल्या. पाच पाचे पंचवीस, मग सव्वाशे, मग सहाशे पंचवीस. (प्रत्यक्षात हिशोब इतका सरळ नसणार. बरेच जण नुसते वाचून पुढे देत.) खरी गंमत पुढेच आहे. बातम्या आणायच्या कशा? बखरीला पत्ता नव्हता. तेव्हा वाचकांना सांगितले गेले, की तुमच्याकडची माहिती ज्याने तुम्हाला अंक दिला त्याला द्या, तो त्याला देणाऱ्याकडे पोचवेल. साखळीच्या टोकापर्यंत स्वतः जायचा प्रयत्न करू नका, नाहीतर खबरे ठराल. ज्या वाटेने प्रती खाली उतरत, त्याच वाटेने बातम्या वर चढत. १९४४ मध्ये क्रिमियातून हाकलून मध्य आशियात नेलेल्या तातार लोकांची गाऱ्हाणी सरकारी वृत्तपत्रांत येणे शक्यच नव्हते. ती इथे नावागावांसह आली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती बखरीची भाषा. अन्यायाची हकीकत सांगायची, पण विशेषणे नाहीत, आरडाओरडा नाही. तारीख, नाव, कलम, शिक्षा. मागच्या अंकात काही चुकले असेल, तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापलेली. पकडले गेल्यास तुरुंग ठरलेला असताना हे लोक आपल्याच चुका शोधत बसत! प्रयोगवहीत खाडाखोड न लपवण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावू पाहतो, ती हीच.

अशी सवय असलेले लोक त्यात होतेही. गोर्बानेव्स्काया यांना डिसेंबर १९६९ मध्ये अटक झाली आणि ‘स्किझोफ्रेनिया’ ठरवून १९७२ पर्यंत मनोरुग्णालयात डांबले गेले. वैद्यकशास्त्राचा याहून हीन उपयोग क्वचितच कोणी केला असेल. पुढे दडपणामुळे बखर बंद पडली. मे १९७४ मध्ये ती पुन्हा सुरू करताना तिघांनी, ती आम्ही वाटणार आहोत, असे नावानिशी जाहीर केले. त्यात जीवशास्त्रज्ञ सेर्गेई कोवाल्योव आणि गणिती तात्याना वेलिकानोव्हा होत्या. तिसऱ्या तात्याना खोदोरोविच.

कोवाल्योव यांच्यावर डिसेंबर १९७५ मध्ये लिथुआनियातल्या विल्नियस शहरात खटला चालला. त्याच महिन्याच्या १० तारखेला ऑस्लोत भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांच्या पत्नी येलेना बोनेर यांनी स्वीकारले. साखारोव यांना देशाबाहेर जायला परवानगी नव्हती. ते त्या वेळी विल्नियसमध्ये, मित्राच्या खटल्याच्या न्यायालयाबाहेर उभे होते. कोवाल्योव यांना सात वर्षे छावणी आणि तीन वर्षे हद्दपारी झाली.

वेलिकानोव्हा १९७९ मध्ये पकडल्या गेल्या. त्यांना चार वर्षे छावणी आणि पाच वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. बखर १९८३ पर्यंत चालली आणि तिचे साठाहून अधिक अंक निघाले. शिक्षा भोगून वेलिकानोव्हा मॉस्कोला परतल्या आणि एका शाळेत गणित शिकवू लागल्या.