भात, डाळ आणि मधुमेह : एका जुन्या गणिताचा इतिहास

२०२५च्या सप्टेंबरअखेरीस ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात भारतीयांच्या आहाराविषयी एक मोठा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणातील १८,०९० प्रौढांच्या आहारनोंदींवर तो आधारलेला आहे. बातम्यांमध्ये त्यातला एकच आकडा गाजला : भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्याच निबंधातील दुसरे दोन निष्कर्ष मात्र अधिक विचार करायला लावणारे आहेत. पांढऱ्या तांदळाऐवजी वा मैद्याऐवजी तितक्याच उष्मांकांची कणीक किंवा भरडधान्याचे पीठ घेतले, तर मधुमेहाची शक्यता घटलेली दिसत नाही. पण एकूण ऊर्जेपैकी ५ टक्के भाग कर्बोदकांकडून काढून डाळींतील वा दुधातील प्रथिनांकडे वळवला, तर ती घटलेली दिसते. कडधान्ये आणि दूधदुभत्यावर जगणाऱ्या माणसाने कर्बोदके कशी आणि किती कमी करावीत, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला. प्रश्न नवा नाही. त्याची भारतातील वाटचाल बरीच वळणावळणाची आहे.

प्रमेहाची कारणे सांगताना चरकसंहितेने बसून राहण्याचे व झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नोंद केली आहे. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे प्रमेहाचे दोन प्रकार मानले. पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला स्थूल. (याची आजच्या ‘टाइप १’ व ‘टाइप २’शी थेट सांगड घालण्याचा मोह आवरलेला बरा.) उपचार म्हणून जवाला मुख्य अन्नाचे स्थान होते. म्हणजे एका धान्याच्या जागी दुसरे धान्य. मात्र सुश्रुत तेवढ्यावर थांबत नाही. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चालावे, असेही तो सांगतो. एवढे चालणाऱ्याचे जव कोणते होते, हा प्रश्न मग गौण ठरतो.

युरोपात या विचाराने वेगळी दिशा घेतली. ब्रिटिश लष्करातील शल्यवैद्य जॉन रोलो यांनी १७९७ साली एका मधुमेही कॅप्टनवर केलेल्या उपचारांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात मांस आणि चरबी यांवर भर होता व वनस्पतिजन्य अन्न जवळजवळ वर्ज्य होते. पॅरिसचे आपोलिनेर बुशार्दा यांनी १८७०–७१च्या वेढ्यात अन्न तुटले तेव्हा मधुमेह्यांच्या लघवीतील साखर घटल्याचे पाहिले. लंडनमध्ये अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करणारे विल्यम बॅंटिंग यांनी १८६३ साली आपल्या स्थूलतेविषयी एक पुस्तिका काढली आणि पाव, साखर, बिअर व बटाटे सोडून मांसमासळीवर वजन कसे उतरवले ते सांगितले. आज ‘लो-कार्ब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आहाराची ही वंशावळ मांसाच्या ताटातून आलेली आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

हे शास्त्र कलकत्त्यात पोहोचले तेव्हा त्याची गाठ भाताशी पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधील वकील, न्यायाधीश, जमीनदार आणि कचेरीतले बाबू यांच्यात मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे, असे डॉक्टर वारंवार लिहीत होते. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत ‘उष्ण कटिबंधातील मधुमेह’ या विषयावर खास चर्चा झाली, कलकत्त्याचे डॉ. कैलासचंद्र बोस यांनी तीत आपले अनुभव मांडले. बैठे काम, मानसिक ताण, भात आणि मिठाई ही कारणे तेव्हापासूनच सांगितली जात. युरोपीय पथ्य मात्र इथे जसेच्या तसे चालण्यासारखे नव्हते. बंगाली गृहस्थाला निदान मासळी चालत होती. त्याच घरातल्या विधवेला, गुजरातेतल्या जैन व्यापाऱ्याला किंवा मद्रासच्या ब्राह्मण कारकुनाला मांसाधारित पथ्याचा उपयोग काय?

कलकत्ता मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे डी. मॅके याच सुमारास प्रथिनांच्या मागे लागले होते. येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी १९०४ साली माणसाला फार थोडी प्रथिने पुरतात असा दावा केला होता. मॅके यांनी बंगाली विद्यार्थी व कैदी यांच्या आहारातील आणि लघवीतील नायट्रोजन मोजून तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. चिटेंडन यांना हवे असलेले तुटपुंजे प्रथिनमान बंगाल पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे आणि त्याचे परिणाम समोर आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. १९१२च्या आपल्या ग्रंथात त्यांनी शीख व पठाण यांच्याशी बंगाल्यांची तुलना करून शरीरयष्टीबरोबर ‘पौरुषा’चाही हिशेब प्रथिनांच्या खात्यावर मांडला. मोजमाप काळजीपूर्वक केलेले होते. निष्कर्षात मात्र लढाऊ जातींचा वसाहतवादी सिद्धान्त आधीच येऊन बसला होता. भारतीय ताटात पिष्ट फार आणि प्रथिने थोडी, हे निरीक्षण खरे असूनही पुढची कित्येक दशके संशयास्पद वाटले, त्याला हा डागही कारणीभूत असावा.

इन्शुलिन येण्याआधीच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांच्या उपासमारीच्या उपचारांचा बोलबाला होता. भाज्या तीनदा उकळून, पाणी फेकून, त्यातले उरलेसुरले कर्बोदक काढून रोग्याला दिल्या जात. जानेवारी १९२२मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले आणि पथ्याचा हा जाच हळूहळू सैल झाला.

भारतात तर तो पुढे उलट दिशेने वळला. मद्रासच्या स्टॅन्ली रुग्णालयात १९४८ साली मधुमेहाचे स्वतंत्र चिकित्सालय सुरू करणारे डॉ. एम. विश्वनाथन यांनी भारतीय रोग्यांसाठी भरपूर कर्बोदके व भरपूर तंतू असलेल्या आहाराचा पुरस्कार केला. हा निर्णय अविचाराचा नव्हता. भात सोडा म्हटल्यावर जो रोगी पुन्हा दवाखान्यात येणारच नाही, त्याला भाज्या व डाळींसह भात मोजून देणे अधिक शहाणपणाचे होते. ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे एक प्रमुख संशोधक डॉ. व्ही. मोहन हे याच विश्वनाथन यांचे चिरंजीव. वडिलांच्या काळात मान्य असलेली कर्बोदकांची पातळी मुलाच्या आकडेवारीने खाली आणायला सांगितली. दोघांच्या रोग्यांमध्ये मधल्या काळात घडलेला बदल पाहिल्याशिवाय यातला विरोधाभास उलगडत नाही.

त्या बदलाचे मूळ शेतीत व शासकीय धोरणात आहे, आणि त्यात एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी जगावर ‘प्रथिनांचे संकट’ ओढवत असल्याचा इशारा दिला. मासळीचे पीठ, कृत्रिम अमिनो आम्ले, तेलबियांची पेंड अशा योजनांना ऊत आला. सुखात्मे यांनी भारतातील आहारसर्वेक्षणे तपासून दाखवले, की ज्यांना प्रथिने कमी पडत होती त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडत होते. पोट भरले नाही, तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन यांचेही म्हणणे हेच होते : धान्य-डाळीचा नेहमीचा आहार पुरेसा मिळाला, तर प्रथिनांची गरज भागते. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रथिनसंकटाच्या कल्पनेला ‘महाफजिती’ ठरवले, तेव्हा हा वाद जवळजवळ निकाली निघाला. १९७२च्या दुष्काळात सुकडीसाठी रांगा लावणाऱ्या महाराष्ट्राला यातले सत्य पटवून द्यावे लागले नसते.

सुखात्मे आणि गोपालन यांचे गणित त्या काळासाठी बरोबर होते. त्यात ‘धान्य-डाळ’ हा जोडशब्द होता. व्यवहारात मात्र फक्त धान्य वाढले. हरितक्रांती गहू व तांदळाची झाली, हमीभावाने खरेदीही त्यांचीच झाली. १९६१ साली दरडोई दररोज ६९ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २००१पर्यंत तो आकडा ३० ग्रॅमच्या आसपास आला. याच काळात बैलाच्या जागी ट्रॅक्टर, पायपिटीच्या जागी मोटारसायकल आली. पिष्ट जाळणारे श्रम गेले, पिष्ट राहिले.

या बदलाचा परिणाम भारतीय शरीरावर अधिक का व्हावा, याचा शोध पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी घेतला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो, हे एका छायाचित्राने जितके पटले तितके शंभर आलेखांनी पटले नसते. पुण्याजवळच्या गावांतील त्यांच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली : बी-१२ जीवनसत्त्वाची व्यापक कमतरता. शाकाहारी माणसासाठी त्याचा नैसर्गिक स्रोत म्हणजे दूध व दुधाचे पदार्थ. कर्बोदकांबरोबर दूधही सोडणाऱ्या उत्साही मंडळींनी हे विसरू नये.

आता ताटाचे गणित. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके व ६.८ ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम तूरडाळीत ५७.६ आणि २२.३. ऊर्जा जवळजवळ सारखीच : ३४५ व ३३५ किलोकॅलरी. म्हणजे तूरडाळ हे ‘प्रथिन’ नव्हे. निम्म्याहून अधिक ती पिष्टच आहे. भात तेवढाच ठेवून वर वाटीभर वरण वाढवले, तर कर्बोदके वाढतात. शंभर ग्रॅम तांदूळ काढून तेवढीच डाळ घेतली, तर कर्बोदके २० ग्रॅमने घटतात आणि प्रथिने १५ ग्रॅमने वाढतात. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्याच्या आहारात ५ टक्के म्हणजे १०० किलोकॅलरी, अर्थात २५ ग्रॅम कर्बोदके. ही अदलाबदल त्या टप्प्याच्या जवळ येते. सोयाबीनचे गणित वेगळे आहे : तितक्याच ऊर्जेच्या ८० ग्रॅम दाण्यांत प्रथिने ३४ ग्रॅमहून अधिक आणि कर्बोदके अवघी १७ ग्रॅम.

‘इंडियाब’ गटाने २०२२ साली ‘डायबिटीस केअर’मध्ये मांडलेले लक्ष्यही याच बेताचे आहे. मधुमेह नुकताच जडलेल्यांनी तो मागे हटवण्यासाठी कर्बोदके ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत, प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास न्यावीत, असे त्यांचे गणिती प्रारूप सुचवते. बॅंटिंगच्या वारसांना हा आहार ‘लो-कार्ब’ वाटणारही नाही. शिवाय हे निष्कर्ष एका वेळच्या सर्वेक्षणातून काढलेले आहेत. कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता भात एकदम तोडला, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’च्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली बहुतांश लाभार्थ्यांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. ते तांदूळ असतील, तर त्यात १३० ग्रॅम कर्बोदके आणि ११ ग्रॅम प्रथिने. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे. त्या कायद्याच्या हक्कात डाळीचा समावेश नाही. ती बहुधा बाजारभावानेच आणावी लागते.