‘फाईल साईज जास्त आहे’ म्हणून अर्ज अडतोय? मोबाईलवरच फोटो असा करा लहान

शिष्यवृत्ती असो, भरतीचा अर्ज असो की एखादी सरकारी योजना, आता सगळी कागदपत्रं ऑनलाईन चढवावी लागतात. अर्ज भरून होतो, पण फोटो टाकताना ‘फाईल साईज जास्त आहे’ असा मेसेज येतो आणि गाडी तिथंच अडते. शेवटची तारीख असेल तर तालुक्याला धाव घ्यावी लागते. खरं तर हे काम घरबसल्या, फुकटात आणि पाच मिनिटांत होतं.

फोटो एवढा मोठा का असतो?

फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची मांडणी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. 12 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपक्यांचा असतो. अशी फाईल बहुतेक वेळा 3 ते 5 एमबी भरते. 1 एमबी म्हणजे साधारण 1000 केबी.

अर्जात मात्र मागणी केबीत असते. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेचंच बघा. तिथं फोटो 20 ते 50 केबी आणि 200 बाय 230 पिक्सेल, तर सही 10 ते 20 केबी आणि 140 बाय 60 पिक्सेल अशी अट असते. म्हणजे 4 एमबीचा फोटो तिथं जवळपास 80 पट मोठा ठरतो. प्रत्येक पोर्टलची अट वेगळी, म्हणून आधी सूचना नीट वाचा. ‘किमान’ साईजही दिलेली असते. त्यापेक्षा लहान फोटोही चालत नाही.

आधी साईज तपासा

गॅलरीत फोटो उघडा. तीन टिंबांवर किंवा ‘आय’ खुणेवर दाबून ‘डिटेल्स’ बघा. तिथं एमबी-केबी आणि पिक्सेल दोन्ही दिसतात. फाईलच्या नावाशेवटी जेपीजी आहे का तेही बघा. आयफोनचे फोटो अनेकदा एचईआयसी प्रकारचे असतात आणि बरीच पोर्टल ते घेत नाहीत.

फोटो लहान करण्याच्या पायऱ्या

1. मूळ फोटोची कॉपी करा. जे काही करायचं ते कॉपीवरच करा, मूळ फोटोला हात लावू नका.

2. ‘एडिट’मध्ये जाऊन ‘क्रॉप’ करा. कागदाच्या बाजूचं टेबल, सतरंजी, बोटं काढून टाका. नको असलेला भाग गेला की केबीही कमी होतात आणि अक्षर मोठं दिसतं.

3. ‘रिसाईज’ करा. काही फोनच्या गॅलरीत ही सोय असते, नसेल तर प्ले स्टोअरवर फोटो रिसाईज करणारी फुकट अ‍ॅप मिळतात. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली की ठिपके पाव होतात: 4000 बाय 3000 चा फोटो 2000 बाय 1500 झाला की 30 लाख ठिपकेच उरतात. फोटो आधी मागितलेल्या मापात क्रॉप करा, नाहीतर चेहरा ताणला जातो.

4. तरीही केबी जास्त असतील तर ‘क्वालिटी’ थोडी थोडी कमी करा. तोच लहान केलेला फोटो पुन्हा पुन्हा लहान करू नका, दर वेळी तो आणखी फाटतो. जमलं नाही तर मूळ फोटोपासून नव्याने सुरुवात करा.

अ‍ॅप टाकायचं नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो स्वतःलाच पाठवा. साध्या क्वालिटीत पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप आपोआप तो लहान करतं. एचडी निवडू नका आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटो आहे त्याच साईजचा जातो.

लहान झाला, पण वाचता येतो का?

खरी अडचण इथंच होते. फोटो चढतो, अर्ज जातो, पण पासबुकावरचा खाते क्रमांक किंवा दाखल्यावरचा शिक्का वाचता येत नाही म्हणून अर्ज परत येतो. चढवण्याआधी फोटो बोटांनी मोठा करून बघा. खाते क्रमांक, आयएफएससी कोड, नाव, तारीख, सही, शिक्का हे सगळं स्पष्ट दिसलं पाहिजे. कागदाचा फोटो दिवसा, सावली न पडता, वरून सरळ काढला तर तो लहान करूनही वाचता येतो.

कोणते फोटो लहान करू नयेत?

पिकाच्या नुकसानीचे, पडलेल्या घराचे किंवा अपघाताचे मूळ फोटो जपून ठेवा. मूळ फाईलमध्ये फोटो काढल्याची तारीख-वेळ असते, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोत ही माहिती राहत नाही. उद्या कुणी पुरावा मागितला तर मूळ फाईलच कामाला येते.

डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफमध्ये मिळतो. पोर्टल पीडीएफ घेत असेल तर तीच फाईल द्या. तिचा फोटो किंवा स्क्रीनशॉट काढला तर त्यात डिजिटल सहीची तपासणी होत नाही.

ईमेल पाठवताना

जीमेलवर एका मेलला 25 एमबीपर्यंत फाईल जोडता येतात. त्यापेक्षा जास्त झालं की जीमेल गूगल ड्राइव्हची लिंक बनवतं, आणि समोरच्याला परवानगी दिली नसेल तर ती उघडत नाही. म्हणून फोटो लहान करून थेट जोडलेले बरे. कागद जास्त असतील तर गूगल ड्राइव्हमधल्या ‘स्कॅन’ने सगळ्यांची एकच पीडीएफ करा.

एवढी काळजी घ्या

आधार, पॅन, पासबुक अनोळखी वेबसाईटवर चढवून लहान करून घेऊ नका. फाईल त्यांच्याकडे जाते, पुढे तिचं काय होतं ते आपल्याला कळत नाही. असे कागद फोनमध्येच लहान करा. रिसाईजचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट किंवा मेसेजची परवानगी मागत असेल तर ते काढून टाका, फोटो लहान करायला त्याची गरज नसते. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात काम करून घेतलं तर तिथल्या कॉम्प्युटरवरून आपल्या फाईल समोरच पुसून घ्या.

फोटो, सही, आधार, पासबुक आणि दाखले आजच योग्य साईजमध्ये करून एका फोल्डरमध्ये नावानिशी ठेवा. शेवटच्या दिवशी सर्व्हर रडतो आणि रेंजही दगा देते. तेव्हा तयार फोल्डरच कामाला येतो.